मोटारीमागे ट्रेलर : नवशिक्यांसाठी नऊ धडे

ही मार्गदर्शिका कोणासाठी

अमेरिकेतल्या एखाद्या उपनगरात ज्यांचं घर आहे, घरामागे पसाभर हिरवळ आहे, दारात रॅव्ह-फोर, सीआर-व्ही किंवा आउटबॅक उभी आहे आणि दर एप्रिलमध्ये ज्यांना ‘एक पिकअप घ्यायलाच हवा’ असं वाटू लागतं, अशा गृहस्थांसाठी ही मार्गदर्शिका आहे. त्यांच्या सौभाग्यवतींनी ती आधी वाचावी. पिकअपचा विषय घरात निघतो तेव्हा आकडे त्यांच्या हाताशी असलेले बरे.

लागणारं साहित्य : एक मोटार, तिचं मॅन्युअल, एक हिच, एक बॉल, एक ट्रेलर, दोन साखळ्या, चार पट्टे आणि सूचना करणारं एक ज्येष्ठ माणूस. यातलं शेवटचं साहित्य विकत आणावं लागत नाही. ते मे महिन्यात भारतातून येतं आणि सहा महिने राहतं.

धडा पहिला : पिकअपची इच्छा ओळखणे

लक्षणं सोपी आहेत. होम डेपोच्या आवारात माणूस आपली गाडी सोडून दुसऱ्यांच्या गाड्यांकडे बघत उभा राहतो. ‘हौदा’, ‘टॉर्क’, ‘फोर बाय फोर’ असे शब्द जेवताना येऊ लागतात. ज्याने आयुष्यात कुंडीपलीकडे काही लावलं नाही, तो ‘घरी काम किती असतं’ असं म्हणू लागतो.

अशा वेळी रुग्णाला रागावू नये. या देशात हा आजार साथीचा आहे. फोर्डची एफ-सीरिज १९७७ पासून अमेरिकेतला सर्वाधिक खपणारा पिकअप आहे. आणि हे सगळे लोक मागे काय ओढतात? स्ट्रॅटेजिक व्हिजन या संस्थेने पिकअपमालकांची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी सुमारे ७५ टक्के लोक वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी वेळा काही ओढतात असं निघालं. हौद्यात काही भरण्याच्या बाबतीत असे सुमारे ३५ टक्के निघाले. म्हणजे तीनातला एक हौदा वर्षभर वारा वाहतो.

या आजाराला इतिहासही आहे, आणि त्याच्या मुळाशी कोंबडी आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपने स्वस्त अमेरिकन कोंबडीवर जकात बसवली. उत्तरादाखल राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांच्यावर २५ टक्के आयातकर लावण्याचा हुकूम काढला. बाकीच्या वस्तू हळूहळू सुटल्या, ट्रक अडकून राहिला. परदेशी बनावटीच्या छोट्या, स्वस्त पिकअपना दार जवळजवळ बंद झालं. देशी कंपन्यांना मोकळं रान मिळालं आणि त्या रानात पिकअप वर्षागणिक वाढत गेला. आज तो इतका वाढला आहे, की नवा एफ-१५० दारात आणायचा तर सुरुवातच चाळीस हजार डॉलरच्या आसपास होते.

आता गंमत बघा. चार दरवाज्यांचा एफ-१५० घेतलात, तर त्याचा नेहमीचा हौदा साडेपाच फुटांचा. छोटा मॅव्हरिक घेतलात, तर साडेचार फुटांचा. प्लायवूडचा तक्ता आठ फुटांचा. तो मागचं फळकं पाडूनच घरी येतो. चार बाय आठ फुटांच्या ट्रेलरवर तोच तक्ता चारी बाजूंनी बरोबर बसतो.

*स्वाध्याय :* गेल्या वर्षभरात मोटारीत मावलं नाही असं काय काय घरी आणलं, त्याची यादी करा. गादी मोजू नका, ती दुकानवाला घरपोच देतो. पुढच्या वर्षी आणायचा विचार आहे अशा वस्तूही मोजू नका. पिकअप विकणारे त्याच वस्तूंवर जगतात.

धडा दुसरा : मॅन्युअल उघडणे

गाडीसोबत एक जाडजूड पुस्तक येतं. ते विम्याच्या कागदाखाली, मागच्या सहलीतल्या टिश्यू पेपरांखाली असतं. त्यात ‘टोइंग’ हे प्रकरण काढा. दोनपैकी एक गोष्ट लिहिलेली असेल. एक तर आकडा, किंवा ‘या वाहनाने काही ओढू नये’.

आकडा असला तर तो वर्षाप्रमाणे आणि इंजिनाप्रमाणे बदलतो. साधी पेट्रोल रॅव्ह-फोर किंवा सीआर-व्ही साधारण १,५०० पाउंड, म्हणजे ६८० किलो ओढते. अलीकडची आउटबॅक २,७०० पाउंड आणि तिचीच टर्बो आवृत्ती ३,५००. मित्राच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नये. मित्र कितीही जवळचा असला तरी.

‘ओढू नये’ असं लिहिलं असेल तर वाचक चिडतो, आणि त्याला कारण आहे. जर्मनीतला तुमचा मावसभाऊ त्याच फोक्सवॅगन गोल्फच्या मागे छोटी कॅराव्हॅन जोडून इटलीला जाऊन आलेला असतो. तिथे कंपनी गोल्फला ओझ्याचा आकडा अधिकृतपणे देते आणि अमेरिकेत त्याच गोल्फला नको म्हणत आली. यामागे फक्त वकिलांची भीती नाही. युरोपात ट्रेलरची पुढची दांडी गाडीवर कमी भार टाकेल अशा बेताने माल भरतात, आणि तो बेत हळू चालवलं तरच साधतो. जर्मनीत ट्रेलरवाल्या मोटारीला एरवी ताशी ८० किलोमीटरच्या वर जाता येत नाही, आणि साध्या ‘बी’ परवान्यावर ७५० किलोंपेक्षा जड ट्रेलर लावायचा तर गाडी आणि ट्रेलरची बेरीज ३,५०० किलोंच्या आत ठेवावी लागते. अमेरिकेत माणूस ट्रेलर लावूनही सत्तर मैलांनी जातो, म्हणून इथे दांडीवर १० ते १५ टक्के भार घ्यायला सांगतात आणि तेवढा भार सोसायला गाडीचं मागचं अंग दणकट लागतं. वेग कमी करा, मग आकडा वाढवू, असा हा व्यवहार आहे. तो ग्राहकाला कोणी विचारत नाही.

दुसरा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो : गाडीतली माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल. छोट्या एसयूव्हीत तो बहुधा आठशे-हजार पाउंडांच्या आसपास असतो. दांडीवरचा भारही यातच धरायचा. म्हणजे गाडीत पाच मोठी माणसं बसवून, डिकीत फरशा टाकून वर ट्रेलर लावता येत नाही. ट्रेलर असेल त्या दिवशी दोघांनीच जावं. घरी कोणी थांबायचं हा प्रश्न या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेरचा आहे.

धडा तिसरा : हिच आणि बॉल

हिच म्हणजे गाडीच्या पोटाखाली, चासीला बोल्टने आवळलेली लोखंडी चौकट. बंपरला दोरी बांधणे याला हिच म्हणत नाहीत. मोटारींना बहुधा पहिल्या वर्गाची हिच बसते : सव्वा इंचाचं चौकोनी तोंड, २,००० पाउंडांपर्यंत ओझं, दांडीचा भार २०० पाउंड. दुसरा वर्ग ३,५०० पर्यंत जातो. तिसऱ्याचं तोंड दोन इंची आणि आकडा आणखी मोठा.

इथे नवशिक्याच्या मनात एक कल्पना चमकते : मोठी हिच बसवली की गाडीही मोठी होईल. होत नाही. गाडी, हिच, बॉल, ट्रेलर आणि टायर या पाचांवर पाच वेगळे आकडे असतात. त्यातला सर्वांत लहान तो तुमचा.

हिचमध्ये बॉल बसतो आणि बॉलवर ट्रेलरचा कपलर. बॉल मुख्यतः तीन मापांत मिळतात : १ ७/८ इंच, २ इंच आणि २ ५/१६ इंच. माप बॉलच्या डोक्यावर कोरलेलं असतं, कपलरवरही असतं. दोन्ही वाचा. दोन इंची कपलर पावणेदोनच्या जरा वरच्या त्या लहान बॉलवर ठेवला, तर लहान डब्यावर मोठं झाकण ठेवल्यासारखा छान बसतो. पहिल्या खड्ड्यापर्यंत.

म्हणून जोडल्यावर तपासायचं. कपलरचा खटका दाबून पिन घातली, की ट्रेलरचा जॅक फिरवून दांडी वर उचला. गाडीची शेपूट दांडीबरोबर वर आली पाहिजे. दांडी एकटीच वर आली, तर देवाचे आभार माना आणि पुन्हा जोडा.

मग साखळ्या. त्या दांडीखालून एकमेकींना छेद देऊन, फुलीसारख्या लावायच्या. कपलर निसटलाच तर दांडी रस्त्यात न रुतता या फुलीच्या झोळीत पडते. साखळ्या सरळ लावणारे लोक दिसतात. त्यांच्या मागे गाडी चालवू नये.

धडा चौथा : ट्रेलर आणणे

पहिला ट्रेलर भाड्याने घ्या. १९४५ मध्ये लिओनार्ड शोएन आणि त्यांच्या पत्नी ॲना मेरी यांनी वॉशिंग्टन राज्यात यू-हॉल सुरू केली, तेव्हापासून अमेरिकेत कोणालाही दिवसभरासाठी ट्रेलर मिळतो. भाडं दोन माणसांच्या बाहेरच्या जेवणाएवढं असतं. वर्षातून दोनदाच काम पडत असेल तर मार्गदर्शिका इथेच मिटवा, पुढचे धडे वाचून हौस वाढेल.

ज्यांची हौस वाढलीच आहे त्यांनी घडीचा ट्रेलर घ्यावा. हार्बर फ्रेटमध्ये चार बाय आठ फुटांचा ट्रेलर सुट्या भागांच्या खोक्यांतून मिळतो. त्यातल्या भक्कम प्रकाराची क्षमता १,७२० पाउंड आहे. खोकी उघडल्यावर कळतं, की सांगाडा, चाकं, दिवे, नटबोल्ट सगळं आहे आणि तळ नाही. तळासाठी प्लायवूडचा आठ फुटी तक्ता आपण आणायचा. तो मोटारीत मावत नाही. तो आणायला ट्रेलर लागतो.

हा पेच शास्त्रशुद्ध रीतीने सुटतो. सांगाडा आधी जोडायचा, नंबरप्लेट घ्यायची आणि बिनतळाचा ट्रेलर घेऊन दुकानात जायचं. वाटेत लोक बघतील. बघू द्या. नंबरप्लेटसाठी ट्रेलरसोबत आलेलं उत्पादकाचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते नेमकं पुठ्ठ्यांबरोबर रद्दीत जाण्यासारखं दिसतं. ते हाती आल्याबरोबर पासपोर्ट ठेवता तिथे ठेवा.

जोडणी करताना नट एका दमात करकचून आवळू नयेत. सगळे बोल्ट आधी सैल घालायचे, सांगाडा चौकोनात आला की मग आवळायचे. चाकांच्या बेअरिंगमध्ये ग्रीस आहे की नाही हे स्वतः बघा. पहिल्या पन्नासेक मैलांनंतर चाकांचे नट पुन्हा आवळा. बाबा शेजारी खुर्ची टाकून बसले असतील आणि ‘हा उलटा लावलायस’ म्हणत असतील, तर एकदा तपासून बघा. कधीकधी खरंच उलटा असतो.

राहिला तो ठेवण्याचा प्रश्न. पुष्कळ सोसायट्यांच्या नियमावलीत ट्रेलर दारात दिसता कामा नये असं लिहिलेलं असतं. घडीचा ट्रेलर म्हणूनच. तो मधोमध दुमडून, लहान चाकांवर उभा करून गॅरेजच्या भिंतीला लावता येतो. तिथे आधीपासून ट्रेडमिल असेल, तर दोघांपैकी कोणाचा वापर होतो याचा एकदा सोक्षमोक्ष लावा.

धडा पाचवा : दिवे

ट्रेलरला चार तारा असतात. पांढरी अर्थिंगची, तपकिरी मागच्या दिव्यांची, पिवळी डाव्या इंडिकेटरची आणि ब्रेकची, हिरवी उजव्या इंडिकेटरची आणि ब्रेकची. ट्रेलरवर ब्रेक आणि इंडिकेटर एकाच दिव्यात असतात. अनेक जपानी आणि युरोपी गाड्यांत ते वेगवेगळे असतात. म्हणून मधे एक छोटा कन्व्हर्टर लागतो. गाडीच्या तारांना ट्रेलरच्या तारा थेट जोडून बघण्याचा प्रयोग महागात पडतो. आजकालच्या गाड्यांचे संगणक फार मनाला लावून घेतात.

दिवे लागले नाहीत तर बहुतेक जण बल्ब बदलतात. दोष बहुधा पांढऱ्या तारेत असतो. ती रंगावर स्क्रू मारून बसवलेली असते आणि रंगातून वीज जात नाही. कानशीने रंग खरवडा, स्क्रू पुन्हा बसवा. डावा इंडिकेटर दिल्यावर दोन्ही दिवे मंद मंद लुकलुकू लागले, तरी उपाय हाच.

धडा सहावा : भरणे

हा धडा सावकाश वाचावा.

समजा तुमच्या गाडीचा आकडा १,५०० आहे. ट्रेलर आणि तळाचा तक्ता मिळून सव्वातीनशेच्या आसपास गेले. उरले ११७५. आता तुम्ही बागसामानाच्या वखारीत उभे आहात. तिथे माल यार्डाने मिळतो, एक यार्ड म्हणजे २७ घनफूट. कोरडा मल्च असेल तर यार्डाचे सहाशे-आठशे पाउंड होतात, पावसात भिजलेला असेल तर हजार. एक यार्ड चालेल. बागेची माती यार्डाला दोन हजारांच्या पुढे, खडी त्याहूनही पुढे. माती अर्ध्या यार्डावर थांबवायची.

अडचण अशी, की चार बाय आठच्या ट्रेलरला फूटभर उंच फळ्या लावल्या तर आत ३२ घनफूट मावतात. अर्धा यार्ड माती टाकली तर ट्रेलर निम्म्याहून अधिक रिकामा दिसतो. लोडरवाला वरून बघतो आणि आणखी टाकू का म्हणून विचारतो. पैसे तेवढेच, जागाही आहे, त्यात आपण मराठी. मोह होतो. इथे ‘नको’ म्हणायला जे शिकले ते हा अभ्यासक्रम अर्धा उत्तीर्ण झाले.

वजन कुठे ठेवायचं? साठ टक्के चाकांच्या पुढे, चाळीस टक्के मागे. १,२०० पाउंडांच्या ओझ्यात दांडीवर १२० ते १८० पाउंड यायला हवेत. हे मोजायला घरातला वजनकाटा चालतो. काट्यावर फळी ठेवा, फळीवर दांडी टेकवा. काटा ज्यांचा आहे त्यांना आधी विचारा. मागे वजन जास्त झालं की दांडी हलकी होऊन गाडीचं मागचं अंग उचलते. बैलगाडी हाकणारे याला गाडी उलाळ झाली म्हणतात आणि ओझं पुढे सरकवतात. आजोळी गाडीत बसलेल्यांना हा धडा निम्मा येतच असतो.

बांधणी : दोरी नको, रॅचेटचे पट्टे घ्या. पट्ट्याला एक पीळ द्या, नाहीतर तो वाऱ्यावर थरथरत घर येईपर्यंत सूर धरतो. पाला, मल्च आणि पोकळ खोकी यांच्यावर ताडपत्री किंवा जाळी हवीच. हलकी गोष्ट जास्त जपावी. विटा कुठे जात नाहीत, थर्माकोल जातो. मागे चार फुटांहून अधिक काही बाहेर येत असेल तर अनेक राज्यांत टोकाला लाल फडकं बांधावं लागतं.

गणेशोत्सवासाठी विशेष सूचना : मखर, पाट, समया, ढोल, भटारखान्यातली मोठी पातेली, सगळं ट्रेलरवर चालेल. मूर्ती नाही. रिकाम्या किंवा अर्धवट भरलेल्या ट्रेलरच्या स्प्रिंगा फार कडक असतात आणि प्रत्येक खड्डा वरपर्यंत पोचवतात. बाप्पा मागच्या सीटवर, कोणाच्या तरी मांडीवर.

धडा सातवा : रस्ता

ट्रेलर लावल्यावर गाडीत तीन बदल होतात. ती हळू पळते, उशिरा थांबते आणि वळताना कोपरा खाते. पहिल्या बदलाबद्दल काही करायचं नाही. कॅलिफोर्नियात ट्रेलरवाल्या गाडीला ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे, यू-हॉलही आपल्या ट्रेलरवर ५५ हाच आकडा लिहिते. उजव्या लेनमध्ये राहा. मागचे लोक काय म्हणतात ते काच वर असल्यामुळे ऐकू येत नाही.

थांबण्याचं मात्र मनावर घ्या. अनेक राज्यांत ३,००० पाउंडांपर्यंतच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे नाहीत, काही राज्यांत ही रेषा १,५०० वर आहे. तुमच्या छोट्या ट्रेलरला ते नसणार. सगळं ओझं मोटारीच्याच ब्रेकांवर थांबतं. पुढच्या गाडीपासून एरवीच्या दुप्पट अंतर ठेवा. त्या अंतरात कोणीतरी घुसेल. पुन्हा अंतर ठेवा.

आता मुख्य धोका. उतारावर, वेगात किंवा शेजारून मोठा ट्रक गेल्यावर ट्रेलर कधीकधी डावी-उजवीकडे झोकांड्या खाऊ लागतो आणि प्रत्येक झोकांडी आधीच्याहून मोठी होत जाते. अशा वेळी हाताला आणि पायाला जे जे करावंसं वाटतं ते करू नये. ब्रेक दाबू नये. उलट दिशेने स्टिअरिंग फिरवू नये. वेग वाढवून निसटायला बघू नये. ॲक्सिलरेटरवरून पाय काढून, स्टिअरिंग सरळ धरून बसावं. वेग उतरला की ट्रेलर आपोआप सरळ होतो. मग सुरक्षित जागी थांबून सामान पुढे सरकवा, कारण बहुतेक वेळा मागे जड भरलेला ट्रेलर आणि वेग हीच जोडगोळी याच्या मुळाशी असते.

गाडीत बसून कॉफी घ्यायच्या रांगेत ट्रेलर घेऊन शिरू नये. त्या रांगेला मागचं दार नसतं.

धडा आठवा : रिव्हर्स

सर्व मानवी ज्ञान या धड्यात तोकडं पडतं.

सिद्धांत छोटा आहे. मागे जाताना स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो. उपायही छोटा आहे : हात स्टिअरिंगच्या वर न ठेवता सहाच्या काट्याशी, म्हणजे तळाशी धरा. आता हात ज्या बाजूला न्याल त्या बाजूला ट्रेलर जाईल. मेंदूला काही उलटंपालटं करावं लागत नाही.

प्रत्यक्षात अडचण अशी, की छोटा ट्रेलर मोठ्यापेक्षा अवघड असतो. दांडी आखूड असल्यामुळे तो बोटभर स्टिअरिंगने हातभर वळतो. शिवाय तो मोटारीहून अरुंद आणि बुटका, त्यामुळे आरशात दिसत नाही. दिसतो तेव्हा तो आधीच कमरेत मोडलेला असतो आणि तुमच्या बंपरकडे निघालेला असतो. उपाय : ट्रेलरच्या मागच्या दोन कोपऱ्यांवर माणसाच्या छातीएवढ्या उंच दोन काठ्या बांधा, वर रंगीत फडकं लावा. दोन्ही आरशांत काठ्या सारख्या दिसल्या की ट्रेलर सरळ आहे. एक काठी गायब झाली, तर ट्रेलर दुसऱ्या बाजूला निघाला आहे. चुकलं तर मागे रेटत राहू नका, पुढे जाऊन सरळ करा. पुढे जाण्यात कमीपणा नाही.

आता सूचना करणाऱ्या ज्येष्ठ माणसाविषयी. ते ड्राइव्हवेच्या टोकाला उभे राहतात आणि ‘येऊ दे, येऊ दे, येऊ दे’ म्हणतात. ‘येऊ दे’ कधी संपतं याची पूर्वसूचना मिळत नाही. मग ‘डावीकडे घे’ येतं. ही डावी बाजू कोणाची? त्यांची, तुमची, गाडीची की ट्रेलरची? चार डाव्या बाजू आणि एक पत्रपेटी. म्हणून सराव सुरू होण्याआधी करार करावा : दिशा सांगायच्या नाहीत, फक्त ‘थांब’ म्हणायचं, आणि तुम्हाला आरशात दिसतील अशाच जागी उभं राहायचं. ते दिसेनासे झाले की गाडी थांबवायची. हा नियम सुरक्षेचा आहे आणि त्यात वय, नातं, अनुभव काही बघायचं नाही.

सराव रविवारी सकाळी, बंद ऑफिसच्या मोकळ्या आवारात करावा. आपल्या गल्लीत करू नये. तिथे प्रत्येक खिडकीत एक पिकअपवाला असतो.

तरीही जमलं नाही, तर घडीच्या ट्रेलरचा एक गुण पुस्तकात न लिहिलेला आहे : रिकामा असताना तो मोटारीपासून सोडवून हाताने ढकलता येतो. दोघांनी दांडी धरावी आणि चेहऱ्यावर, हेच ठरवलं होतं, असा भाव आणावा.

धडा नववा : बातमी फुटल्यानंतर

ट्रेलर ही गुप्त ठेवण्याची वस्तू आहे. ती गुप्त राहत नाही.

आधी शेजारी येतो, त्याला झाडाच्या फांद्या टाकायच्या असतात. मग मित्र येतो, त्याने मार्केटप्लेसवर सोफा घेतलेला असतो. मग मंडळाचा फोन येतो. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे आणि गावोगावची काही मंडळं त्याहूनही जुनी. या सर्व काळात मंडळाच्या सामानाला कधीही पुरेशी गाडी मिळालेली नाही. स्टोरेज युनिटमधली कनात, नाटकाचा दरवाजा, गेल्या वर्षीच्या मखराचे खांब आणि ढोलताशा पथकाचे ढोल तुमची वाट बघत असतात. ‘तू फक्त ट्रेलर दे’ असं म्हणतात, आणि लगेच ‘तूच घेऊन ये ना, तुला सवय आहे’ असंही म्हणतात. इथे व्याकरणाकडे नीट लक्ष द्यावं. पहिल्या वाक्यात ट्रेलर मागितला आहे, दुसऱ्यात तुमचा शनिवार.

उसना द्यायचा असेल तर बॉलसकट द्या. त्यांच्या गाडीवर दुसऱ्याच मापाचा बॉल असतो आणि ‘बसतोय की’ असं ते म्हणतात. ओढणाऱ्या गाडीच्या विम्यात इतरांच्या नुकसानीची जबाबदारी बहुधा ट्रेलरपर्यंत पोचते, पण ट्रेलरची स्वतःची मोडतोड त्यात क्वचितच धरलेली असते. पॉलिसी वाचा, त्यांनाही वाचायला लावा. साखळ्या, दिवे, टायरमधली हवा त्यांच्यासमोर तपासा. एवढं केल्यावर निम्मे लोक म्हणतात, ‘राहू दे, यू-हॉलचा घेतो.’ हा या तपासणीचा दुय्यम फायदा.

परीक्षा

*प्रश्न १ :* ट्रेलर, हिच, वायरिंग, प्लायवूड आणि नंबरप्लेट यांचा खर्च पिकअपच्या किती महिन्यांच्या हप्त्यांएवढा होतो? (आकडे घरात मोठ्याने वाचून दाखवावेत.)

*प्रश्न २ :* शेजारचा पिकअपवाला सोमवारी सकाळी ऑफिसला जाताना सोबत काय नेतो? (उत्तर : हौदा. मंगळवारीही तोच.)

*प्रश्न ३ :* ट्रेलरचा सर्वांत मोठा गुण कोणता?

तिसऱ्या प्रश्नाला सगळे ‘क्षमता’ असं उत्तर देतात आणि गुण गमावतात. ट्रेलरचा सर्वांत मोठा गुण असा, की तो सोडून ठेवता येतो. ओझं वर्षातून दहा दिवस असतं, तेवढे दहा दिवस तो जोडायचा. बाकीचे दिवस मोटार मोटारीसारखी चालवायची, तिच्याएवढंच पेट्रोल जाळायचं, तिच्याएवढ्याच जागेत लावायची. पिकअपवाला आपली गरज चोवीस तास अंगावर वागवतो. तुम्ही ती खटका उघडून, साखळ्या काढून, भिंतीला टेकवून ठेवू शकता.

टेकवल्यावर कपलरला कुलूप लावा आणि किल्ली खिशात ठेवा. मंडळाच्या कार्यकारिणीची सभा गुरुवारी आहे.